वालचंद हिराचंद आणि गॅरेजातली फार्गो

वालचंद हिराचंद हे नाव आपण बहुधा पाटीवर वाचतो. मुंबईत बोरीबंदरच्या बाजूच्या एका रस्त्याला ते आहे, सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे, इंदापूर तालुक्यातल्या एका अख्ख्या गावाला आहे. पाटी वाचून माणूस पुढे निघून जातो. मीही तसाच गेलो असतो; परंतु गेल्या वर्षी दिवाळीनंतर खोपोलीला माझ्या मामांच्या गॅरेजात एक जुनी फार्गो पिकअप आली आणि तिच्या बॉनेटखालच्या पट्टीवर कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीचे नाव दिसले. कंपनी कोणी काढली ते पाहायला मी आपल्या ग्रंथालयात गेलो. तेथून हा लेख सुरू झाला.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. दोशी हे त्यांचे आडनाव; घराणे मूळचे गुजरातेतले, धर्माने दिगंबर जैन, आणि धंदा कापसाचा व सावकारीचा. सोलापुरात मॅट्रिक झाल्यावर ते मुंबईला आणि पुढे पुण्याला कॉलेजात शिकले. पण पदवी काही पदरी पडली नाही. घरच्या पेढीने त्यांना परत बोलावून घेतले. आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना हे वाचून थोडे बरे वाटेल, थोडे वाईटही. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पदवीवाचून मोठा झालेला माणूस दाखवून आमच्याकडचे लोक मग कॉलेज हवेच कशाला, असा प्रश्न टाकतात, आणि त्याचे उत्तर मला द्यावे लागते. वालचंदांच्या मागे पेढी होती. आमच्यामागे ती नाही, एवढे उत्तर मला पुरेसे वाटते.

पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मण बळवंत फाटक नावाचे एक गृहस्थ पूर्वी रेल्वेत कारकून होते आणि पुढे कंत्राटदार झाले होते. त्यांच्याबरोबर वालचंदांनी भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गाचे काम घेतले. त्या काळी सावकाराच्या मुलाने मुरूम-दगडाच्या धंद्यात उतरणे हे जरा चमत्कारिकच होते. पैसा व्याजावर घरबसल्या वाढतो. कंत्राटात मात्र पाऊस, मजूर, बैलगाड्या आणि साहेबाची मर्जी या साऱ्यांशी गाठ पडते. तरुण वालचंदांनी ती गाठ मारून घेतली. फाटकांना काम कळत होते आणि वालचंदांना भांडवल उभे करता येत होते. पहिल्या महायुद्धात सरकारी बांधकामांची मोठी कंत्राटे या भागीला मिळाली आणि तिचा जम बसला.

१९२० साली टाटांच्या सहभागाने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली आणि तिचा कारभार वालचंदांकडे आला. याच कंपनीने आपल्या भागातले एक मोठे काम केले. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्येच सुरू झाली होती. परंतु घाटात एका ठिकाणी गाडीला उलट तोंड करून पुढची चढण चढावी लागे. हे रिव्हर्सिंग स्टेशन टाळायचे तर डोंगर नव्याने फोडायला हवा होता. १९२० नंतरच्या दशकात या घाटातल्या नव्या बोगद्यांचे काम वालचंदांच्या कंपनीने केले, आणि १९२९ मध्ये ते उलटसुलट वळण कायमचे बंद झाले. पाठोपाठ पुण्यापर्यंत वीज आली. वाफेच्या इंजिनांची जागा घेणाऱ्या नव्या घाटइंजिनांचे पुढचे-मागचे नाक लांब आणि मधला भाग उंच असे; त्यांना खेकडा हे नाव पडले. चढण सदतीसास एक, ती तशीच राहिली. इंजिन तेवढे बदलले. मात्र इंजिन बदलण्यासाठी घाटभर खांब रोवावे लागले, तारा ओढाव्या लागल्या, वीज आणावी लागली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण फार्गोची हकिगत सांगताना ती पुन्हा लागणार आहे.

बोगद्यांच्या आधीच वालचंदांचे लक्ष समुद्राकडे गेले होते. युद्ध संपल्यावर एक जुने जहाज विकावयाचे होते. पूर्वी प्रवासी वाहून नेणारे हे जहाज युद्धकाळात ग्वाल्हेरच्या महाराजांकडे येऊन इस्पितळाचे जहाज झाले होते. त्याचे नाव लॉयल्टी. वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि आणखी काही भागीदारांनी ते घेतले व सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. आज आपण ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो या प्रवासाच्या स्मरणार्थ.

परंतु जहाज विकत घेणे सोपे आणि ते चालवणे कठीण. किनाऱ्यावरचा सारा व्यापार ब्रिटिश कंपन्यांच्या हाती होता. त्यांनी भाडे इतके खाली आणले की नव्या कंपनीचा श्वास कोंडावा. १९२३ मध्ये सिंदियाला ब्रिटिश कंपन्यांशी करार करावा लागला; त्यात आपल्या वाढीवर तिने मर्यादा मान्य केल्या. त्या कराराबद्दल वालचंद अनेक वर्षे कुरकुरत राहिले, पण कंपनी जिवंत राहिली. किनाऱ्यावरची वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवावी ही मागणी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडली नाही. ती पुरी व्हायला स्वातंत्र्य यावे लागले.

१९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन निघाली, त्याच वर्षी सिमेंटचे नळ करणारी इंडियन ह्यूम पाइप निघाली. नाशिक जिल्ह्यात रावळगाव आणि पुणे जिल्ह्यात कळंब येथे ऊस व साखर आली. कळंबचे पुढे वालचंदनगर झाले. येथे एक गोष्ट लिहिणे प्राप्त आहे. नीरेच्या कालव्यावरच्या या साखर कंपन्यांनी पुष्कळ जमिनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतल्या होत्या. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर त्या सरकारकडे गेल्या, आणि मूळ खंडकरी शेतकऱ्यांच्या वारसांना त्या परत मिळवण्यासाठी कित्येक दशके झगडावे लागले. गौरवग्रंथांत कारखान्याची चिमणी ठळक दिसते, तिच्या पायाखालची जमीन कोणाची होती ते फारसे दिसत नाही. चरित्र लिहायचे तर दोन्ही लिहावे.

आता मोटारीकडे येतो. त्या काळी हिंदुस्थानात मोटारी बनत नव्हत्या, जोडल्या जात होत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. फोर्डची जुळणीही मुंबईत होत होती. सुटे भाग पेट्यांतून बोटीने यावेत, इथल्या कामगारांनी ते बोल्टांनी आवळावेत आणि गाडी बाहेर पडावी, असा तो प्रकार. सर विश्वेश्वरय्यांनी मोटारीचा खराखुरा कारखाना मुंबईत काढण्याची योजना तयार केली. वालचंदांनी ती उचलली आणि अमेरिकेत जाऊन बोलणी केली. फोर्डशी जमले नाही, क्रायस्लरशी जमले. परंतु दुसरे महायुद्ध सुरू झाले होते, आणि इथे मोटारीचा कारखाना निघावा याची इंग्रज सरकारला घाई नव्हती. परवानग्या अडल्या.

याच काळात एका अमेरिकन विमान व्यावसायिकाशी त्यांचा परिचय झाला आणि मोटार मागे राहून विमान पुढे आले. २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. सहा महिन्यांनी, २१ जून १९४१ रोजी, विशाखापट्टणला जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. विमानाचा कारखाना युद्धातच सरकारने आपल्याकडे घेतला. जहाजाच्या कारखान्यातून १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते जलउषा ही बोट पाण्यात उतरली. १९५२ मध्ये त्याचीही सूत्रे मुख्यत्वे सरकारकडे गेली. मोटारीसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये निघाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून तिची पहिली गाडी बाहेर पडली. डॉज, डिसोटो, प्लिमथ, फार्गो ही सारी क्रायस्लरची नावे मग आपल्या रस्त्यांवर फिरू लागली.

टीकाकार तेव्हाही होते. हा कारखाना कसला, ही तर पुन्हा जुळणीच, असे त्यांचे म्हणणे असे. त्यात तथ्य नव्हते असे नाही. सुरुवातीला भाग परदेशातूनच येत. पण एकेक भाग इथे करायचा असा क्रम कुर्ल्याने धरला. १९५३ मध्ये सरकारने धोरण पक्के केले की ज्यांना पुढे येथे गाड्या बनवायच्या नाहीत त्यांनी नुसती जुळणी चालू ठेवू नये. जनरल मोटर्स व फोर्ड तेव्हा निघून गेल्या, कुर्ला राहिला.

या वादाचा अर्थ मला पुस्तकांपेक्षा फार्गोने अधिक समजावला, म्हणून तिची हकिगत येथे थोडक्यात देतो. कर्जतच्या बाजूला शेतघर बांधलेल्या मुंबईच्या एका गृहस्थांनी ती आणली होती. पत्रा आणि चासी शाबूत होती. मूळचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन मात्र निकामी झाले होते आणि त्याचे भाग मिळण्याची आशा नव्हती. एका जीपगाडीचे डिझेल इंजिन व त्याचाच पाच गिअरचा बॉक्स तीत बसवावा, असे ठरले. इंजिन व बॉक्स एकत्रच घेतल्यामुळे त्या दोघांना जोडणारी प्लेट वेगळी करावी लागली नाही. हा जोडही कुर्ल्याच्याच जुन्या बाजारातून आला. सुट्टीच्या दिवशी मी पाने पुसणे, दिवा धरणे आणि मापे वहीत लिहिणे ही कामे करीत असे.

मला वाटले होते, जुने काढायचे आणि नवे ठेवायचे. तसे नसते. चेनकुप्पीने इंजिन उचलून जागेवर धरले तर तेलाची सम्प पुढच्या एक्सलवर टेकू लागली. इंजिन मागे सरकवले तर गिअरबॉक्स चासीच्या आडपट्टीला लागला. तेव्हा आडपट्टी कापून, ताकद न घटेल अशी नवी करून बसवावी लागली. इंजिनाचे फाउंडेशन नव्याने केले. बॉक्स लांबीला वेगळा, म्हणून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा शाफ्ट लेथवर नव्या मापाचा करून बॅलन्स करून आणला; नाही तर वेग घेताच सारी गाडी थरथरते.

त्याहून मौज पुढे. जुन्या फार्गोचा हँडब्रेक चाकांवर नव्हता, गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर होता. बॉक्स काढला तसा हँडब्रेकही गेला! तो वेगळा करावा लागला. काचेवरचा वायपर पेट्रोल इंजिनाच्या ओढीवर चाले. डिझेल इंजिनाला तशी ओढ नसते, म्हणून वायपर मेला. त्याला विजेची मोटर लावली. ब्रेकला मदत करणाऱ्या बूस्टरसाठी आल्टरनेटरच्या मागे बसणारा व्हॅक्यूम पंप घ्यावा लागला. जुनी वीज सहा व्होल्टची, नवे इंजिन बारा व्होल्टचे. सगळी वायरिंग बदलली. मागच्या एक्सलचा रेशो ओझे वाहणाऱ्या गाडीचा, संथ. पाचव्या गिअरमुळे तो सपाट रस्त्याला चालण्याजोगा झाला. अखेरीस कागद. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि नव्या इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात चढावा लागतो.  परवानगीचा कागद हाती येईपर्यंत जुन्या चासीला मामांनी पाना लावला नव्हता.

इंजिन बदलायला गेलो आणि गाडीत न बदललेले फारसे काही उरले नाही. जेवणाच्या सुट्टीत मी मामांना विचारले की ही गाडी आता फार्गो म्हणायची का. मामा सातवी शिकलेले. त्यांचे म्हणणे असे पडले की चासीचा नंबर तोच आहे तोवर गाडी तीच. पण नवे इंजिन बसवून जुनेच ब्रेक ठेवणारा मिस्त्री हा मिस्त्री नव्हे, कारण ओढण्याची ताकद वाढली की थांबवण्याचीही वाढवावी लागते.

वालचंदांच्या चरित्रात मला हेच दिसले. देशाला मोटार हवी म्हणजे एक यंत्र हवे असे नव्हे. ओतकाम करणारा हवा, रबर हवे, काच हवी, माप घेणारा कामगार हवा, रस्ता हवा आणि कर्ज देणारी बँक हवी. यातले एक नसले की नवे इंजिन चासीत टेकते आणि अडते. सावकारीतून बांधकामात, बांधकामातून नळात, जहाजात आणि मोटारीत वालचंद गेले, हे पाहून काहींना तो चंचलपणा वाटला. मला ती एकामागून एक अडणारी आडपट्टी कापण्याची धडपड वाटते. जुळणीला हिणवणाऱ्यांचेही मला आता निम्मेच पटते. जोडता जोडताच हात शिकतो. माझे मामा इंजिन घडवीत नाहीत, जोडतात. तथापि काय कोठे अडते हे त्यांना जसे कळते तसे ते चित्रातून कळत नाही. जुळणीवरच थांबून समाधान मानणे तेवढे वाईट.

इंजिन बदलण्याचा हा उद्योग आमच्या भागात नवा नाही. १९५४ मध्ये जमशेदपूरला टेल्कोचे डिझेल ट्रक निघू लागले आणि पेट्रोलचे ट्रक चालवणे मालकांना परवडेना. अनेकांनी जुन्या ट्रकांत डिझेल इंजिने चढवली. मद्रासच्या सिम्पसनचे पी-सिक्स हे त्यांतले नावाजलेले. माझे आजोबा मुंबई-पुणे रस्त्यावर अशाच एका ट्रकवर क्लीनर होते. घाटात शिंग्रोबाला नाणे टाकायचे, आणि चढणीवर गाडी थांबली की उडी मारून चाकामागे लाकडी ठोकळा लावायचा, हे त्यांचे काम. त्यांना वालचंद हे नाव ठाऊक असेल असे वाटत नाही. वालचंदांना त्यांच्यासारख्यांची नावे ठाऊक असण्याचा तर प्रश्नच नव्हता. तरी दोघांच्या आयुष्यांत बोरघाट एकच होता.

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. किनाऱ्यावरचा व्यापार देशी जहाजांसाठी राखला गेला तो याच सुमारास. ज्या मागणीसाठी तीस वर्षे भांडले ती पुरी झाली तेव्हा ते स्वतः अंथरुणाला खिळले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. लॉयल्टीच्या पहिल्या प्रवासाला तेव्हा चौतीस वर्षे आणि तीन दिवस झाले होते.

त्यांच्यामागे कुर्ल्याचा कारखाना वाढला. १९५४ पासून तेथे फियाट ११०० होऊ लागली, तिचीच पुढे पद्मिनी झाली आणि काळ्या-पिवळ्या रंगात ती मुंबईची ओळख बनली. तिच्याही पोटातले पेट्रोल जाऊन शेवटी गॅस आला. २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. कुर्ल्याच्या त्या जागेवर आता इमारती उभ्या आहेत. सिंदिया कंपनी उरली नाही. बंगलोरचा विमान कारखाना आणि विशाखापट्टणचा जहाज कारखाना मात्र चालू आहेत, सरकारी नावांनी. वालचंदांच्या हातून जे गेले ते टिकले, हा योगायोग मोठा विचित्र आहे.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिले कॉलेजकर आहेत. आपल्या घरांनीही या दोन-तीन वर्षांत एक नवे इंजिन बसवायला घेतले आहे. ते चालावे म्हणून आई मजुरीचे दिवस वाढवते, धाकटी बहीण पाणी भरते, मामा शुल्क भरतो. कापलेल्या आडपट्ट्या त्या त्यांच्या आहेत, हे पदवीच्या कागदावर कोठेही लिहिलेले नसते. आपण ते स्वतःच्या मनात लिहून ठेवावे.

आणि कर्जतहून पुण्याकडे कधी गेलात तर एवढे करा. गाडी स्टेशनात थांबते, मागून ढकलणारी इंजिने लागतात, तोवर वडा खाऊन होतो. पळसदरी गेले की बोगदे सुरू होतात आणि डब्यात अंधार होतो. त्या अंधारात मोबाइलचा उजेड जरा बंद ठेवावा. ज्यांनी कंत्राट घेतले त्यांचे नाव आपल्याला मिळाले. ज्यांनी सुरुंगाची भोके पाडली त्यांची मिळाली नाहीत. दोघांनीही पोखरलेला डोंगर तेव्हा आपल्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर असतो.